तुमचा नंबर कोणी विकला?

थीम पार्कमधल्या ‘पैसे भरा, रांग टाळा’ या सोयीचे दर वाढले की ठरलेला वाद ठरलेल्या वळणांनी सुरू होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने साधी रांग टाळून जलद वाटेने नेणारा लायटनिंग लेन प्रीमियर पास जाहीर केला. तिथल्या मॅजिक किंगडम या पार्कमध्ये गर्दीच्या दिवशी त्याचा दर माणशी ४४९ डॉलरपर्यंत जाणार होता, आणि तोही एका दिवसाचा, प्रवेशाचं तिकीट वेगळं. लगेच एक बाजू म्हणाली, श्रीमंतांनी आता लहान मुलांच्या राइडवरही कब्जा केला. दुसरी म्हणाली, पार्क त्यांचं, माल त्यांचा, परवडत नसेल तर घेऊ नका. पहिलीला आकडा बोचतो, दुसरीला तक्रार करणाऱ्याच्या पोटात दुखतंय असं वाटतं. दोघी बघत राहतात ते विकणाऱ्याकडे आणि विकत घेणाऱ्याकडे. या व्यवहारात ज्याने पैसे दिलेले नाहीत की घेतलेले नाहीत, पण जो दोन तास उन्हात उभा आहे, त्या तिसऱ्या माणसाची चौकशी करायला कोणाला सवड नसते.

माझं म्हणणं त्या तिसऱ्या माणसापासून सुरू होतं. पार्कने महाग व्हावं, निरनिराळ्या ऐपतीच्या लोकांना निरनिराळ्या सोयी विकाव्यात, यात मला काही गैर दिसत नाही. पण सगळ्यांना सारखंच तिकीट विकून आत घ्यायचं, रांगेत उभं करायचं आणि मग त्याच रांगेतला त्यांचा नंबर आणखी पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायचा, हा व्यवहार सचोटीचा नाही. कारण विकला जाणारा माल तोपर्यंत पार्कचा राहिलेलाच नसतो. तो सकाळी दारावरच विकून झालेला असतो.

समतेच्या बाजूने बोलणाऱ्यांची एक लाडकी आठवण मात्र आधी बाजूला ठेवू. पूर्वी थीम पार्कमध्ये सगळे सारखे होते, राव आणि रंक एकाच पायरीवर, हे चित्र अर्धंच खरं आहे. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइममध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी तिथे तिकिटांची पुस्तकं आली. गोल फिरणाऱ्या घोड्यांना ‘ए’ तिकीट, त्याहून बऱ्या राइडना ‘बी’ आणि ‘सी’. १९५६ मध्ये ‘डी’ आलं, आणि १९५९ मध्ये मॅटरहॉर्नचा डोंगर आणि पाणबुड्या सुरू झाल्या तेव्हा ‘ई’. ‘ई’ सगळ्यांत महाग आणि पुस्तकात मोजकंच. संपलं की पैसे टाकून सुटं घ्यायचं. एकदा दार ओलांडलं की कशावरही कितीही वेळा बसा, हा नियम तिथे पक्का झाला तो १९८२ मध्ये. म्हणजे पहिली सत्तावीस वर्षं चांगली राइड हवी तर जास्त पैसे मोजा, हाच कायदा होता. पेनसिल्व्हेनियातलं कनोबल्स पार्क आजही प्रवेश फुकट ठेवतं आणि राइडचे पैसे घेतं, आणि त्यावरून कोणी विषमतेच्या नावाने बोटं मोडत नाही.

मग बदललं काय? ‘ई’ तिकीटवाले सगळे एकाच रांगेत उभे राहत. ज्याच्याकडे अशी दहा तिकिटं, त्याने दहा वेळा रांग लावायची. पैशाने जास्त वेळा बसता येई, पुढच्याच्या आधी बसता येत नसे. शिवाय त्या किमतीमुळे रांगच आखूड व्हायची. उरलेली ‘ए’ आणि ‘बी’ तिकिटं अमेरिकेतल्या कित्येक घरांतल्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिली. ज्या राइडची ओढ नाही तिथे कोणी जात नव्हतं आणि जिची ओढ आहे तिथे जाताना प्रत्येक जण हिशेब करत होता. त्या काळी पैसा गर्दी आवरायचा. आजच्या पासचा पैसा गर्दीवर पोसला जातो.

हे कसं घडतं ते पाहायला रांगेच्या पुढच्या टोकाशी जाऊ, जिथे दोन वाटा एकत्र येतात. डावीकडे साधी रांग, पुढे साखळी. उजवीकडे पासवाल्यांची मोकळी वाट. मनगटावरचा पट्टा खांबावरच्या गोल खुणेला टेकवला की हिरवा दिवा लागतो आणि माणूस जवळजवळ न थांबता पुढे सरकतो. मध्ये उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याचं काम एकच, उजवीकडून इतके सोडा, डावीकडून इतके सोडा. समजा राइडवर तासाला १२०० माणसं बसतात, म्हणजे मिनिटाला २०. एकच वाट असती आणि तुमच्या पुढे ३०० माणसं असती तर तुमचा नंबर पंधरा मिनिटांत लागला असता. वीसपैकी १५ जागा उजवीकडे दिल्या तर डावीकडे मिनिटाला पाच उरतात, आणि त्याच ३०० माणसांना पूर्ण तास लागतो. डबे तेवढेच, वेग तोच. रांगांचं गणित मांडायला १९०९ मध्ये सुरुवात केली ती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एर्लांग यांनी. तिवोली ही करमणुकीची बाग त्याच शहरात १८४३ पासून आहे, हा योगायोग मला उगाचच आवडतो. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम तर शाळकरी पोराला कळेल इतका सोपा आहे: रांगेत सरासरी किती माणसं असतील, तर येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. या समीकरणात पैशाला घर दिलेलं नाही. खुर्च्या तेवढ्याच ठेवून पैशाने एकाचं थांबणं कमी केलं, की ते दुसऱ्याच्या खात्यावर चढतं.

यावरचा विरोधकांचा मुद्दा जोरदार आहे. ते म्हणतात, हे गणित फसवं आहे. पास नसता तर उजवीकडची माणसंही डावीकडेच उभी राहिली असती आणि तुमच्या पुढे ३०० ऐवजी कितीतरी जास्त डोकी दिसली असती. बरोबर आहे. जे तुमच्या आधी आले असते त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तुम्ही रांगेत शिरल्यावर अर्ध्या तासाने आला आणि तुमच्या आधी बसून गेला, त्याचं काय? आणि याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. पासवाला रांगेत उभा नसतो तेव्हा तो घरी गेलेला नसतो, दुसऱ्या रांगेत असतो. नाव एका राइडच्या यादीत आणि देह दुसऱ्या राइडच्या दारात, असे त्याचे एकाच वेळी दोन नंबर लागलेले असतात. साध्या तिकिटावर दिवसाला आठ राइड होत असतील आणि पासवाल्याच्या बारा झाल्या, तर वरच्या चार आल्या कुठून? संध्याकाळपर्यंत पार्कभर फिरलेल्या खुर्च्या तर तेवढ्याच. त्या चार कोणाच्या तरी आठांतून गेल्या. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण ओघ याच दिशेने जाणार. अपवाद एकच, राइडवर खुर्च्या रिकाम्या जात असतील तर. आणि खुर्च्या रिकाम्या जात असतील तर पास घेईल कोण?

विमानाचा दाखला हमखास दिला जातो. विमानात पुढचा वर्ग असतो, मग पार्कमध्ये का नको? कारण पुढच्या वर्गात बसलेला मुक्कामी मागच्यांच्या आधी पोचत नाही. त्याला रुंद खुर्ची मिळते, आणि तिच्यामुळे तुमचं विमान उशिरा सुटत नाही. वेगळी सोय विकणं आणि दुसऱ्याची सोय काढून विकणं यांतला हा फरक लोकांना नीट कळतो, त्यांना अर्थशास्त्र शिकवावं लागत नाही. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरमध्ये १८०९ साली जे घडलं त्यात तो लख्ख दिसतो. आदल्या वर्षी आगीत जळालेलं थिएटर पुन्हा बांधून सप्टेंबरमध्ये उघडलं, तेव्हा व्यवस्थापक जॉन फिलिप केंबल यांनी दर वाढवले. रंगमंचासमोरच्या पिटातल्या बाकांचा दर साडेतीन शिलिंगांवरून चार, बॉक्सचा सहावरून सात. शिवाय बॉक्सचा एक मजला बड्या लोकांना खासगी भाड्याने देण्यासाठी राखून ठेवला, आणि वरच्या गॅलरीतल्या गरिबांना खुराड्यासारख्या कमानींतून नटांचे पायच काय ते दिसायचे. लोकांनी जवळजवळ तीन महिने एक प्रयोग धड होऊ दिला नाही. घंटा, शिंगं, घोषणांचे फलक, बाकांवर नाच. शेवटी केंबल यांनी माफी मागितली. झालेली तडजोड बघण्यासारखी आहे. पिटाचा दर पुन्हा साडेतीन शिलिंगांवर आला, खासगी बॉक्स कमी करावे लागले, पण बॉक्सचा वाढलेला सात शिलिंगांचा दर लोकांनी राहू दिला! ऐपतदारांनी जास्त मोजावं याला त्यांची ना नव्हती. सगळ्यांची जागा उचलून काहींच्या पदरात घालायला होती. असूयेपोटी भांडणारा जमाव अशी तडजोड करत नाही.

उलट बाजूचंही एक भक्कम उदाहरण आहे आणि गंमत म्हणजे ते डिस्नेलँडच्याच ऑरेंज काउंटीतलं आहे. तिथे स्टेट रूट ९१ या महामार्गावर डिसेंबर १९९५ मध्ये टोलच्या जलद मार्गिका सुरू झाल्या, गर्दीच्या तासाला दर जास्त, निवांत वेळी कमी. श्रीमंतांसाठी वेगळा रस्ता, अशी टीका अशा मार्गिकांवर पुढेही होत राहिली. पण त्या मार्गिका रस्त्याच्या मधोमध नव्याने बांधल्या होत्या. टोल भरून तिकडे वळलेली प्रत्येक गाडी जुन्या, फुकटच्या मार्गिकांतून कमी झाली. पासचे समर्थक हे उदाहरण देतात ते आपल्या बाजूचं समजून. पासच्या पैशातून त्याच राइडला दुसरा ट्रॅक घातला असता तर ते लागू पडलं असतं. पासवाले बसतात ते त्याच ट्रॅकवर, त्याच डब्यांत. म्हणजे असलेल्या चारपैकी तीन मार्गिका रातोरात टोलच्या करून टाकाव्यात आणि वाहतूक सुधारली म्हणून सांगावं, असा हा प्रकार.

आता पासचा पैसा नव्या राइडमध्ये जातो, या युक्तिवादाकडे वळू. जातही असेल. पण या पैशाने पार्कच्या डोक्यातला हिशेब कसा फिरवला आहे तेही पाहा. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात डिस्नेच्या माणसांनी पेप्सीच्या दालनासाठी बाहुल्यांच्या देशांतून फिरणारी होड्यांची राइड केली. होड्यांनी मेळ्याची गर्दी इतकी सहज पेलली की डिस्नेलँडमध्ये चालत पाहायचं मेणाच्या पुतळ्यांचं प्रदर्शन म्हणून आखलेली समुद्री चाच्यांची राइड होड्यांवर चढवण्यात आली आणि १९६७ मध्ये तशीच उघडली. त्याच वर्षी न थांबणाऱ्या डब्यांची साखळी आली, ऑम्निमूव्हर. १९६९ मध्ये सुरू झालेल्या भुताच्या वाड्यात ती आजही चालते: माणूस सरकत्या पट्ट्यावर पाय ठेवतो, पट्टा आणि डबा एकाच वेगाने जातात, तो बसतो, आडवा दांडा खाली येतो, आणि या सगळ्यात राइड कुठेही थांबवावी लागत नाही. त्या पिढीतल्या अभियंत्यांनी रांगेशी थेट दोन हात केले, कारण रांगेतून कंपनीला दमडी मिळत नव्हती. रांगेत अडकलेलं गिऱ्हाईक दुकानात जात नाही, काही खात नाही, वैतागून घरी जातं. रांग म्हणजे शुद्ध तोटा होता.

रांग टाळण्याचा पास विकायला लागल्यावर हाच तोटा भांडवल झाला. कोणतं पार्क मुद्दाम राइड सावकाश चालवतं, असा आरोप करायची गरजच नाही. तळं राखी तो पाणी चाखी, एवढं पुरे. साधी रांग दहा मिनिटांवर आली त्या दिवशी पास कोणी घेणार नाही, हे ज्याला माहीत आहे तोच जास्त डबे आणायचे का, दुसरी बाजू चालू करायची का, हे ठरवतो. डिस्ने वर्ल्डच्याच हॉलिवूड स्टुडिओज या पार्कमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ ही राइड उघडली तेव्हा फोनवर नंबर लावायची सोय होती, सगळ्यांना सारखी आणि फुकट. नंबर मिळाला तर फिरत राहायचं, बोलावलं की यायचं. ती पद्धत निर्दोष नव्हती, नंबर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपत. पण तिच्यात कोणी कोणाचं हिसकावून घेत नव्हतं. २०२१ मध्ये ती गेली आणि त्याच राइडला साधी रांग आणि पैशाची रांग अशा दोन वाटा फुटल्या.

फुकट पद्धतींचे गोडवे गायचे नाहीत, हेही कबूल. १९९९ मध्ये डिस्नेचा पहिला फास्टपास आला तेव्हा राइडजवळच्या यंत्रात तिकीट सारलं की परत यायची वेळ छापलेला कागद हातात पडे. पैसे नाहीत. पण कागद संपायचे, दार उघडताच धावत सुटणाऱ्यांना मिळायचे, आणि ज्यांना हा खेळ ठाऊक नाही ते दुपारी साध्या रांगेत ताटकळायचे. मनगटी पट्ट्यांचा जमाना आल्यावर तर डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ६० दिवस आधी जागा राखता येऊ लागली आणि बाकीच्यांना ३० दिवस आधी. पैसे घेतले जातच होते, फक्त हॉटेलच्या बिलातून. त्यापेक्षा उघड दर लावलेला बरा, असं कोणी म्हणालं तर मी मान डोलावीन. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडात दिवसाला माणशी १५ डॉलरचं जीनी प्लस, म्हणजे जलद वाटेचा पैशाचा पास, आलं, तेव्हा काय झालं? पैसे भरूनही पहिली राइड पकडायला सकाळी सातच्या ठोक्याला फोन हातात घेऊन बसायचं ते बसायचंच. आधी नुसती माहिती लागायची, आता माहिती आणि पैसे दोन्ही लागायला लागले.

‘नको तर घेऊ नका’ हे वाक्य इथेच कोसळतं. २०२२ च्या सुरुवातीला कंपनीने गुंतवणूकदारांना सांगितलं की अमेरिकेतल्या तिच्या पार्कमध्ये येणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक हे पास घेतात आणि सुट्ट्यांच्या गर्दीत हे प्रमाण निम्म्यावर गेलं. निम्मे लोक जेव्हा एखादी चैन विकत घेतात तेव्हा ती चैन राहते का? प्रत्येक नवा पास न घेणाऱ्याची रांग थोडी लांबवतो, लांबलेली रांग पुढच्याला पास घ्यायला लावते, आणि शेवटी पासची किंमत हा पास न घेण्याचा दंड होऊन बसतो. सगळ्यांनीच घेतला तर जलद वाट हीच रांग, सगळे होते तिथे, खिसे तेवढे हलके. मग त्या गर्दीवरून उडी मारायला आणखी महाग पास काढावा लागतो. २०२४ मध्ये वर प्रीमियर आला तो उगाच नाही.

दोन मुद्द्यांवर मात्र मला थांबावं लागतं. पहिला, आयुष्यात एकदाच येणाऱ्या कुटुंबाचा. लांबून आलेत, वर्षानुवर्षं पैसे साठवलेत, हातात एकच दिवस आहे. त्यांनी आणखी थोडे पैसे टाकून पोरांच्या आवडीच्या तीन राइड पक्क्या केल्या तर त्यांना नावं कोणी ठेवावीत? मी तरी ठेवणार नाही. घेणाऱ्याचा दोष नाहीच, ज्या व्यवस्थेत त्याला उभं केलंय तिच्यात तेच शहाणपणाचं आहे. पण हा मुद्दा पासच्या बाजूने मांडणारे एक विसरतात. असंच साठवून आलेलं दुसरं कुटुंबही त्या दिवशी पार्कमध्ये असतं, फक्त त्यांची साठवण तिकिटावरच संपलेली असते. एका कुटुंबाचा एकुलता दिवस वाचवायला दुसऱ्याचा वापरला गेला. दुसरा मुद्दा दराचा. पासवाले जास्त मोजतात म्हणून दारावरचं तिकीट त्यामानाने स्वस्त राहतं, असं अर्थशास्त्री सांगतील आणि ते खरंही असू शकतं. मग साध्या तिकिटाला स्वस्त तिकीट म्हणा की! तिकीट विकताना सांगा, यावर लोकप्रिय राइडच्या इतक्याच जागा तुमच्या वाट्याला आहेत, म्हणून हा दर. असं उघड विकलेलं उणं तिकीट मला पूर्ण मान्य आहे. दारावर पूर्ण म्हणून विकायचं आणि आत गेल्यावर ते अर्धं निघावं, याला सवलत म्हणत नाहीत.

रांग ही काही पवित्र वस्तू नव्हे, तिला अपवाद असतातच. ज्याला उभं राहता येत नाही, गोंगाटात ज्या मुलाचा जीव घाबरा होतो, त्याला वेगळी वाट द्यावीच, आणि बाकीच्यांनी त्यासाठी पाच मिनिटं जास्त थांबावं. गरज दिसली की माणसं जागा देतात. पण आडवाटेला बाजारभाव आला की या गरजेच्या वाटेचीही माती होते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या काही श्रीमंत कुटुंबांनी रांगा चुकवायला अपंग व्यक्तींना मार्गदर्शक म्हणून तासावर भाड्याने घेतल्याच्या बातम्या आल्या, आणि त्याच वर्षी डिस्नेने अपंगांसाठीची जुनी सवलत बंद करून नवी, जास्त कडक पद्धत आणली. २०२४ मध्ये तीही आवळली आणि मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासविषयक अडचणी असलेल्यांपुरती ठेवली. वगळल्या गेलेल्यांपैकी काही कोर्टात गेले. पहिली लबाडी फुकट फास्टपासच्या काळातली, तेव्हा सगळं खापर पैशाच्या पासवर फोडता येणार नाही. पण जी सवलत शेजारच्या वाटेवर शेकडो डॉलरना विकली जाते ती फुकट मागणाऱ्याकडे संशयानेच बघितलं जाणार, आणि आपली व्यथा परक्या माणसाला समजावून सांगायची वेळ खऱ्या रुग्णावर येणार.

लोकांना एवढं खुपतं तर ते बोलत का नाहीत? मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग केला होता, तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहकाऱ्यांना १२९ रांगांमध्ये मुद्दाम घुसवलं आणि कोण काय म्हणतं ते टिपलं. एकच माणूस घुसला तर निम्म्याच्या आसपास रांगांत कोणीतरी हरकत घेतली, दोघे घुसले तर बहुतेक रांगांत. म्हणजे घुसखोर समोर असला की माणसं बोलतात. पार्कमध्ये घुसखोर सापडत नाही. पासवाल्याने तर नियमाने पैसे भरलेत. साखळीपाशी उभा असलेला तरुण कर्मचारी सांगितलेलं काम करतोय, दिवसभर लोकांच्या नजरा झेलतोय. ज्याने ‘पंधरा इकडून, पाच तिकडून’ ठरवलं तो रांगेत कोणालाच दिसत नाही, आणि त्याचा आकडाही दिसत नाही. म्हणून राग निघतो तो उजवीकडून जाणाऱ्या कुटुंबावर, नाहीतर स्वतःच्या पोरांवर.

पैसे कमवायचे दुसरे रस्ते नाहीत असं थोडंच आहे? डिस्नेनेच २०१६ मध्ये एका दिवसाच्या तिकिटाचे दर गर्दीप्रमाणे कमीजास्त केले. गर्दीच्या दिवशी दार महाग करणं गरिबाला जाचक आहे, नाही कशाला म्हणा. पण तो जाच दाराबाहेर कळतो, स्वस्त दिवस निवडता येतो, आणि आत आलेल्यांत रांगेपुरता तरी कोणी वरचढ नसतो. पार्क बंद झाल्यावर मोजकी वेगळी तिकिटं विकून रात्रीचे तीन तास चालवायचे, हाही प्रकार तिथे आहेच. दर सणसणीत असतात, पण विकले जातात ते नवे तास, दुपारच्या रांगेतून काढलेले नव्हेत. एकट्या माणसाची वेगळी रांग तर डब्यातली सुटी राहिलेली खुर्ची भरते, कोणाचं काही न घेता. टोकियो डिस्नेलँडने २०२२ मध्ये पैशाचा पास आणला आणि पुढच्याच वर्षी काही राइडना फुकटचा पासही दिला. यंत्रणा हवी तशी वळवता येते, ती कोणाच्या बाजूने वळवायची एवढाच प्रश्न.

पास उद्याच बंद होतील असं मला वाटत नाही, आणि माझी मागणीही तेवढी मोठी नाही. रांगेच्या तोंडाशी फलक असतोच: थांबण्याचा वेळ ७० मिनिटं. त्याखाली आणखी एक आकडा लिहा, गेल्या तासात या राइडच्या शंभरपैकी किती जागा पासवाल्यांना गेल्या. तो शोधायला कोणी नेमावं लागणार नाही, प्रत्येक हिरव्या दिव्याबरोबर तो मोजला जातोच. आणि या आकड्याची वरची मर्यादा तिकीट विकतानाच जाहीर करा. पास विकणारे म्हणतात, यात कोणाचं काही जात नाही. मग फलक रंगवायला हरकत कसली? कदाचित आकडा वाचून पास जास्तच खपतील. खपू देत. पण वर्षअखेरीला या राइडला आणखी डबे का लावत नाही असं विचारायला कोणी उभं राहिलं, तर त्याच्या हातात निदान तेवढा एक आकडा असेल.